‘खरं घडलंय’ हा बचाव नाही

तुम्ही एका माणसाचा जीव घेतलात, आणि तो त्याने स्वतःच घालवला असं त्याच्याच हस्ताक्षरावरून सिद्ध केलंत. सतरा पानांचा चौकशी अहवाल. खाली तीन सह्या, तिन्ही वाचता न येणाऱ्या. अकराव्या पानावर तुम्ही म्हणता : ‘मयत कर्मचारी हा काल्पनिक कथांच्या एका मंडळाचा सभासद होता व सदर दुर्घटनेचा आराखडा त्याने घटनेच्या चार महिने आधी लिहून ठेवला होता.’ त्या मंडळाचा मीही सभासद आहे. तो आराखडा कसा झाला, कुणाच्या डोक्यातून निघाला, हे मी तुमच्यासमोर बसून तोंडी सांगितलं. तुम्ही ते लिहून घेतलं नाही. म्हणून आता मीच लिहितो. माझं शिक्षण आठवीपर्यंत. चुका निघतील त्या काढा, तेवढं तुम्हाला जमतं.

मी बुकबाइंडर. छापखान्याच्या मागच्या शेडमध्ये सव्वीस वर्षं हेच करतोय. छापलेला मोठा कागद येतो, त्याला तीन घड्या घातल्या की सोळा पानांचा फर्मा होतो. घडी घालता घालता जे डोळ्यांखालून जाईल ते वाचायचं, हेच माझं कॉलेज. सपाट कागदावर चौथ्या पानाशेजारी तेरावं पान असतं. एकदा परग्रहावरच्या गोष्टींचं एक पुस्तक बांधायला आलं. तेराव्यावर एक माणूस मेलेला होता आणि चौथ्यावर तोच चहा पीत होता. मधली आठ पानं वाचल्याशिवाय मला जेवण गेलं नाही. तेव्हापासून हा नाद लागला. घरात याला नाद म्हणत नाहीत, खूळ म्हणतात. महिन्याच्या तिसऱ्या रविवारी मी चपला घालायला लागलो की बायको आतून म्हणते, निघाली का तबकडी. मेहुणा भेटेल तिथे विचारतो, काय दाजी, मंगळावर पाणी सापडलं का, सापडलं तर आमच्या नळाला सोडा.

मंडळ मोठं नाही. कागदावर तेरा जण, येतात सहा-सात. बैठक एका बंद पडलेल्या टायपिंग क्लासच्या खोलीत भरते. मशिनं विकली गेली, टेबलं राहिली. प्रत्येक टेबलावर स्क्रूची चार भोकं आहेत, त्यांत बिस्किटांचा चुरा अडकतो. खिडकी एकच, ती समोरच्या गोदामाच्या पत्र्याकडे उघडते. दुपारी तीन ते सहा. आम्ही काय करतो, असं तुमच्या साहेबांनी मला विचारलं होतं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं, जणू आम्ही तिथे बाँब बनवतो. आम्ही गोष्टी वाचतो, साहेब. एकाने वाचायची, बाकीच्यांनी छिद्रं शोधायची.

छिद्र हा आमचा शब्द. अवकाशातल्या जहाजाला टाचणीएवढं भोक पडलं तरी आतली हवा जाते, तसं गोष्टीला एका ठिकाणी जरी पटेनासं झालं तरी सगळी गोष्ट मरते. म्हणून प्रत्येकाने एक तरी छिद्र दाखवायचंच. आणि सगळ्यांचं सांगून होईपर्यंत वाचणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. हे नियम बाईंचे. बाई म्हणजे निवृत्त विज्ञान शिक्षिका, मंडळाच्या अध्यक्षा. त्यांच्यापुढे आम्ही पन्नाशीतले बाप्ये अजून पाय जुळवून बसतो. क्लासच्या जुन्या फळ्यावर त्यांनी रंगाने नियम लिहून ठेवलेत, खडूने लिहिले तर कुणी पुसेल म्हणून. पहिला नियम असा : ‘खरं घडलंय’ हा बचाव नाही.

हा नियम आला कुठून, तेही सांगतो. फार वर्षांपूर्वी एकाने अशी गोष्ट वाचली की एका माणसावर दोनदा वीज पडते आणि दोन्ही वेळा तो वाचतो. सगळे म्हणाले, पटत नाही. तो चिडून म्हणाला, माझ्या सख्ख्या काकांच्या बाबतीत घडलंय हे. बाई म्हणाल्या, काकांना पटलं असेल, मला नाही. त्या दिवशी खूप हसलो होतो आम्ही. दुसऱ्या महिन्यात फळ्यावर नियम आला. नियम चांगला आहे, लिहिणाऱ्याला शिस्त लावतो. याच नियमाने आमचा माणूस मारला.

त्यांना आम्ही टाकीवाले म्हणायचो. पाणीपुरवठा खात्याच्या शुद्धीकरण केंद्रात ते चालक होते, पंप आणि क्लोरीनची खोली त्यांच्याकडे. वय बावन्न. शर्टाची वरची दोन्ही बटणं लावलेली, खिशाला पेन, आवाज इतका हळू की बाई दर वेळी म्हणायच्या, जरा पोटातून वाचा. सहा वर्षं ते येत होते आणि सहा वर्षांत त्यांची एकही गोष्ट पास झाली नाही. पास म्हणजे काय, तर जिच्यात कुणालाच छिद्र सापडत नाही तिला बाई ‘निश्छिद्र’ म्हणतात, मी तिला काळ्या कापडात बांधतो, पाठीवर सोनेरी अक्षरात नाव उठवतो आणि ती मंडळाच्या कपाटात जाते. एकवीस वर्षांत अशी नऊ पुस्तकं झाली. टाकीवाले आले की आधी कपाटाशी जायचे, काचेतून ती नऊ पुस्तकं बघायचे आणि मग जागेवर बसायचे. कंपाउंडर त्यांना चिडवायचा. हा एका दवाखान्यात औषधं बांधून देतो, मंडळातला टवाळ तोच. म्हणायचा, टाकीवाले, तिथे तुमच्यासाठी जागा सोडलीय, फक्त पुस्तकाचा पत्ता नाही. ते हसायचे. वाईट वाटलं तरी हसणाऱ्यांतले होते.

गेल्या वर्षी एका रविवारी त्यांनी नवी गोष्ट वाचली. एक जहाज आहे. तीन पिढ्या झाल्या, ते अंधारातून चाललंय. जहाजात एक हवाघर आहे, तिथे विषारी वायूच्या टाक्या आहेत, त्याच वायूने सगळ्या जहाजाची हवा शुद्ध होते. हवाघराला एक राखणदार आहे. वायू गळला की वाजणारा भोंगा आहे. पण भोंगा जुना झालाय, मधूनच उगाच वाजतो, आणि कप्तानाची खोली शेजारीच असल्यामुळे त्याची झोप मोडते. म्हणून कप्तान भोंग्याची तार काढायला लावतो. गळतीच्या वेळी तोंडाला लावायचा मुखवटा एकच आहे, तो चोरीला जाऊ नये म्हणून कप्तानाच्या कपाटात कुलपात ठेवलाय, आणि किल्ली घेऊन कप्तान दहाला उगवतो. राखणदार तीन अर्ज करतो. तिन्हींना उत्तर नाही. शेवटी एके सकाळी वायू गळतो. राखणदार तोंडाला ओलं फडकं लावून आत जातो, झडप बंद करतो आणि मरतो. जहाज पुढे जातं.

वाचून त्यांनी कागद टेबलावर ठेवले आणि नियमाप्रमाणे गप्प बसले.

आता नीट ऐका. छिद्रवहीत त्या दिवशीची नोंद माझ्या हातची आहे, तुमच्याकडेच आहे ती वही, ताडून बघा. कंपाउंडरने सांगितलं, जीव वाचवणारी वस्तू कुलपात आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात, इतकं येडं कुणी नसतं. छिद्र एक. बाई म्हणाल्या की कप्तानही त्याच जहाजात श्वास घेतो, वायू गळला तर तोही मरणार, मग स्वतःच्या जिवावर उठून तो भोंगा का बंद करेल? छिद्र दोन. घड्याळं दुरुस्त करणारे एक गृहस्थ असतात, त्यांना तीन अर्ज खटकले. एका अर्जाला उत्तर नाही हे समजू शकतं, तिन्हींना नाही म्हणजे लेखकाने ओढूनताणून आणलंय. अशी पाच जणांची पाच झाली. सहावा मी.

मी म्हणालो, शेवटच पटत नाही. राखणदाराला भोंगा बंद असल्याचं माहीत आहे, मुखवटा नाही हे माहीत आहे, कप्तान कसा आहे ते माहीत आहे. असा माणूस पळून जाईल. अशा लोकांसाठी आत कोण जातं? मग मला एक युक्ती सुचली. बांधून बांधून किती गोष्टी हाताखालून गेल्यात, कुठे काय बसेल ते मला कळतं असा माझा गर्व. मी म्हणालो, टाकीवाले, राखणदारानेच झडप सैल केली असं दाखवा. कप्तानाला अद्दल घडवायची म्हणून. थोडासाच वायू सोडायचा, घाबरवायचं, असा त्याचा बेत, आणि तो त्याच्या हाताबाहेर जातो. म्हणजे तो आत का गेला, तेही पटतं. स्वतःचं पाप निस्तरायला गेला.

सगळ्यांनी माना डोलावल्या. कंपाउंडर म्हणाला, बाइंडरशेठ, तुम्ही खून चांगला कराल.

बाईंनी टाकीवाल्यांना विचारलं, तुम्हाला काही म्हणायचंय का. आता बोलायची त्यांची पाळी होती. त्यांनी एकदा फळ्याकडे बघितलं. मी समोरच बसलो होतो, मला ते बघणं आठवतं, तेव्हा मला वाटलं होतं की उजेड डोळ्यांवर येतोय. मग ते म्हणाले, “नाही. बरोबर आहे तुमचं.”

तीन अर्ज त्यांनी खरोखर केले होते. भोंग्याची तार खरोखर काढलेली होती, तुमच्या अभियंता साहेबांचा बंगला आवाराच्या भिंतीला लागून आहे म्हणून. मुखवटा खरोखर साहेबांच्या केबिनमध्ये, लोखंडी कपाटात. त्यांना कुणाला तरी सांगायचं होतं. पण आमच्या खोलीत सगळं सांगता येतं, फक्त हे खरं आहे एवढं सांगता येत नाही.

पुढच्या महिन्यात त्यांनी दुसरा खर्डा आणला. मी सुचवलं तसाच. शिवाय बाईंसाठी कप्तानाला वेगळ्या कप्प्यात वेगळी हवा दिली, अर्ज तीनचा एक केला, मुखवटा फाटका दाखवला. वाचताना आवाज नेहमीपेक्षा मोठा होता. कुणालाच छिद्र सापडलं नाही. बाईंनी निश्छिद्र म्हटलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी गोष्ट बांधली. त्यांनी स्वतःच्या अक्षरात सुवाच्य लिहून दिली होती, ती पानं मी शिवली, काळं कापड चढवलं, सोनेरी नाव उठवलं. माझ्या हातचं ते चांगलं काम आहे. तुमच्या पुराव्यांच्या यादीत ते सातव्या क्रमांकावर आहे, त्याला भोक पाडून तुम्ही सुतळी ओवलीय.

पुस्तक कपाटात जाण्याआधी महिनाभर लेखकाने घरी न्यायचं, अशी पद्धत आहे. टाकीवाल्यांनी तीन बैठका झाल्या तरी परत आणलं नाही, आणि आम्हीही मागितलं नाही. राहू दे माणसाकडे, सहा वर्षांनी मिळालंय. त्यांनी ते कामावर नेलं होतं, पाळीतल्या जोडीदाराला वाचून दाखवायला. टेबलाच्या खणात असायचं.

मग ती सकाळ. पावणेसातची वेळ. क्लोरीनच्या खोलीत एका सिलिंडरच्या झडपेतून वायू सुटला. भोंगा वाजला नाही. टाकीवाल्यांना वास आला तेव्हा दाराखालून पिवळसर हिरवं बाहेर यायला लागलं होतं. हा वायू हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत सरकतो. भिंतीच्या पलीकडे उतारावर चाळीस घरं आहेत, पावणेसातला तिथे माणसं जमिनीवर झोपलेली असतात. हे मला जोडीदाराने सांगितलं. टाकीवाल्यांनी त्याला चाळीकडे पिटाळलं, लोकांना उठवून वर चढावर न्यायला. स्वतः टॉवेल बादलीत बुडवला, तोंडाला गुंडाळला, पाना उचलला आणि आत गेले. झडप बंद केली. बाहेरही चालत आले. पंपाच्या पायरीवर बसले आणि खोकायला लागले. दोन दिवस दवाखान्यात होते. फुप्फुसात पाणी भरलं. जमिनीवर बुडून मरतो माणूस, तसे गेले.

चाळीतलं कुणी मेलं नाही. हे तुमच्या अहवालात एका ओळीत आहे, ‘सुदैवाने जीवितहानी टळली.’ सुदैवाने. त्या दैवाचं वय बावन्न होतं, आणि त्याची गणना तुम्ही जीवितहानीत केली नाही.

दवाखान्यात मी पहिल्या दिवशी संध्याकाळी गेलो. त्यांच्या तोंडावर नळ्या होत्या, बोलता येत नव्हतं. वहिनी स्टुलावर बसल्या होत्या. मला अजून काहीच माहीत नव्हतं. मी आपला वेड्यासारखा म्हणालो की टाकीवाले, बरे व्हा, पुस्तक कपाटात ठेवायचंय. त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. असता तर मला आज सोपं गेलं असतं.

तेराव्या दिवसाच्या आत तुमची चौकशी सुरू झाली आणि पुस्तक खणात सापडलं. तोवर भोंग्याची तार जागेवर आली होती. चौकशीवाल्यांनी बटण दाबलं, भोंगा वाजला. मुखवटाही क्लोरीनच्या खोलीबाहेर खुंटीला टांगलेला सापडला. जोडीदार म्हणतो, तारेला गुंडाळलेली टेप इतकी नवी होती की तिच्यावर धूळसुद्धा बसली नव्हती. त्याला मी म्हटलं, चौकशीत सांग. तो म्हणाला, मला दोन पोरी आहेत.  राखणदार पळून जाईल असं म्हणणारा मी, मी त्याला काय शिकवू.

अहवाल आल्यावर वहिनींनी मला बोलावून घेतलं. खात्याच्या क्वार्टरमधली दोन खोल्यांची जागा. भांडी खोक्यात भरलेली होती, कारण अपघात मृत्यू असेल तर कुटुंबाला राहता येतं, कर्मचाऱ्याच्या दुष्कृत्याने घडलेला असेल तर जागा महिन्यात सोडावी लागते. पण त्या जागेबद्दल बोलल्याच नाहीत. अहवालाचं अकरावं पान त्यांनी माझ्यापुढे ठेवलं. लेकीला ऑफिसात विचारतात, म्हणाल्या, तुझ्या बाबांनीच सोडला ना गॅस? मला बाकी काही नको भाऊजी, ही एक ओळ जायला पाहिजे.

मग त्यांनी विचारलं, “यांनी खरंच असं लिहिलं होतं?”

मी हो म्हणालो. म्हटलं, पण ती गोष्ट होती वहिनी, गोष्टीत काहीही असतं.

“यांच्या डोक्यात असलं येत नाही. पंचवीस वर्षं ओळखते मी. हे कुणी सुचवलं?”

मी आधी म्हणालो की आठवत नाही, तिथे पुष्कळ लोक असतात. त्या खोक्यात एक पातेलं नीट बसवत राहिल्या. कागदात गुंडाळलं, काढलं, परत गुंडाळलं. तेव्हा मी सांगितलं की मीच. त्यांनी पातेलं खाली ठेवलं. मग सांगितलं की पहिली गोष्ट वाचून आले त्या रविवारी ते जेवताना हसत होते. म्हणत होते, सहाच्या सहा जण म्हणतात, पटत नाही. आणि वर म्हणाले होते, खरं सांगू का, कधी कधी मलाही पटत नाही.

“मग आता तिथे जाऊन सांगा,” वहिनी म्हणाल्या. “तुम्ही सुचवलं म्हणून सांगा. तुमची वही घेऊन जा.”

मी घेऊन आलो. तुम्हाला आठवत असेल, किंवा नसेल. तिसरा मजला, टेबलावर काच, काचेखाली सुट्ट्यांची यादी. मधल्या साहेबांनी मला बसायला सांगितलं, पाणीही दिलं. मी दोन्ही गोष्टी समजावल्या. पहिल्या खर्ड्यात भोंग्याची तार होती, कुलूप होतं, तीन अर्ज होते; तो खर्डा राहिला नाही, पण वहीत आमची छिद्रं आहेत, त्यांवरून कळतं की तो होता. झडप सैल करायची कल्पना माझी, त्यांची नाही. लिहून घ्या, मी सही करतो. मी कधी कुठल्या ऑफिसात इतकं सलग बोललो नव्हतो.

साहेबांनी वही स्वतःकडे ओढली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. शांतपणे विचारलं, हे अक्षर तुमचं? मी म्हणालो, हो. त्यांनी वाचलं : मुखवटा कुलपात, पटत नाही. भोंगा बंद, पटत नाही. तीन अर्ज, पटत नाही.

“हे तुम्हीच लिहिलंय. तुमच्या मंडळात शिक्षिका आहेत, वाचणारी माणसं आहेत. तुम्ही त्यांचे मित्र. तुम्हाला तरी पटलं होतं का?”

“नाही.”

“मग आम्हाला कसं पटावं?”

 तुमचे डावीकडचे साहेब हसले, म्हणाले, हे वाढवू नका, उद्या चिथावणी दिली म्हणून तुमचंच नाव यायचं. वही ठेवून घेतली. पोच दिली नाही. तीन मजल्यांचे जिने उतरताना मला एवढंच वाटत होतं की यांनी मला बरोबर पकडलं. चार दिवस मी फर्मे उलटे दुमडले. मालकाने विचारलं, तब्येत बरी नाही का.

परवाचा तिसरा रविवार. गेलो. सात जण होतो. कपाटातल्या नऊ पुस्तकांशेजारची जागा तशीच होती आणि कंपाउंडर तिच्याकडे पाठ करून बसला होता, तीन तासांत त्याने एक विनोद केला नाही. बाईंनी विचारलं, कोण वाचतंय. मी हे लिहून नेलं होतं, साहेबांच्या टेबलापर्यंतचं. ते वाचलं आणि नियमाप्रमाणे गप्प बसलो. छिद्र कुणी सांगेना. घड्याळवाले चष्मा पुसत राहिले. शेवटी बाई म्हणाल्या, एक आहे. तुम्ही साहेबांच्या प्रश्नापाशी थांबलात. तो प्रश्न तुम्ही खरा मानलात. आपण महिन्यातून एकदा खोटं ऐकायला जमतो, सगळ्यांना माहीत असतं की ते खोटं आहे, आणि तरी आपण तीन तास त्याचा कीस काढतो. आपल्यासमोर त्यांनी गोष्ट ठेवली होती. त्या लोकांसमोर अर्ज ठेवला होता.

मग त्या उठल्या, फळ्यापाशी गेल्या आणि पहिल्या नियमावर नख घासायला लागल्या. रंग निघेना. कंपाउंडर उठला, त्याने खिशातून कुलपाची किल्ली काढली आणि खरवडायला लागला. अर्धाच नियम निघालाय. बाकीचा अजून तिथे आहे. मंडळ पुढच्या महिन्यात भरेल की नाही, मला माहीत नाही. माझ्यापुरतं विचाराल तर त्या खोलीत माझ्याच्याने परत कुणाचं छिद्र निघणार नाही.

तर साहेब, आमचा गुन्हा मला मान्य आहे. आमच्या माणसाने आमच्यासमोर त्याचं मरण वाचून दाखवलं आणि आम्ही त्यात सुधारणा सुचवल्या. हे मी कुणाच्याही समोर सांगेन, वहिनींसमोर सांगितलंय. मला चिथावणीच्या कलमात घालायचं तर घाला, पत्ता तुमच्याकडे आहे. पण त्याने तुमचं काही फिटत नाही.

वहिनींकडे टाकीवाल्यांच्या दुसऱ्या अर्जाची प्रत निघाली आहे, अहवालानंतर, त्यांच्या थंडीच्या कोटाच्या खिशात. दीड पान आहे. पहिल्याच ओळीत लिहिलंय की गळतीचा भोंगा बंद आहे व मुखवटा कपाटात कुलूपबंद असतो, तरी जीविताला धोका आहे. जहाज नाही, कप्तान नाही, तारे नाहीत. तुमच्या आवक विभागाचा गोल शिक्का आहे, तारीख घटनेच्या अकरा महिने आधीची. ही प्रत मी तुम्हाला दाखवायला आलो तेव्हा खिडकीतल्या माणसाने सांगितलं की शिक्क्याने कागद आला एवढंच ठरतं, कुणी वाचला असं ठरत नाही.

ठीक आहे. मग तेच ठरवा. तो कागद शिक्का बसल्यावर कुठल्या टेबलावर गेला? त्या टेबलाशी कोण बसलं होतं? त्याने तो वाचला की नाही? वाचला असेल, तर त्याला काय वाटलं, खरं वाटलं की खोटं? खोटं वाटलं म्हणून ठेवून दिला की खरं वाटलं म्हणून? आमच्या वहीत सहा जणांची सहा नावं आहेत, प्रत्येकाच्या नावापुढे त्याला काय पटलं नाही ते लिहिलंय. तुमच्याकडचं एक नाव द्या आणि त्याच्यापुढे लिहा. मला तोंडी नको. वहिनींच्या पत्त्यावर, लेखी, सहीनिशी, आणि या वेळी सही वाचता येईल अशी करा.